ताल कुणाचा, नाव कुणाचे? : 'रिमेन इन लाइट'च्या निमित्ताने

अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांच्या एका बँडने १९८० साली काढलेल्या एल.पी.वर या पानांत लिहायचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. काळ्यांच्या कविता, कादंबऱ्या, आत्मकथने आपण आपुलकीने वाचत आलो आणि आपल्या लेखनाशी त्यांचे नाते तपासत आलो. संगीताकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. वास्तविक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता, त्या काळात काळ्या माणसाचे दुःख आणि त्याचा नकार गाण्यातून आणि तालातूनच प्रकट झाला. पुढे त्याच्याकडून सर्वांत जास्त उचलले गेले तेही संगीतच. उचलणाऱ्याचे नाव झाले, पैसा झाला. ज्याचे उचलले तो अनाम राहिला. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. म्हणून 'टॉकिंग हेड्स' या बँडच्या 'रिमेन इन लाइट' या तबकडीचा विचार येथे करावयाचा आहे. ती निव्वळ चोरी असती तर दोन ओळींत निषेध करून मोकळे होता आले असते. ती चांगली कलाकृती आहे, आणि प्रश्न तिथेच सुरू होतो.

प्रथम या बँडविषयी. सत्तरीच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडन येथे पंक नावाचे संगीत उभे राहिले. प्रस्थापित रॉकचा थाट, पैसा आणि लांबण याविरुद्धचा तो राग होता. त्याच्या पाठोपाठ आलेल्या संगीताला 'न्यू वेव्ह' म्हणू लागले. पंकने गिटार बडवली. न्यू वेव्हने रागाला थोडे आवरून डोके चालवले. छोटी, तुटक गाणी, घाबऱ्या आवाजातले गायन आणि शहरी सुशिक्षिताची भेदरलेली मनःस्थिती हे तिचे विशेष. डेव्हिड बर्न, ड्रम वाजवणारा ख्रिस फ्रांट्झ आणि बेस गिटार वाजवणारी टिना वेमथ हे ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेतले सोबती. त्यांनी १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये बँड सुरू केला. १९७७ साली जेरी हॅरिसन त्यांना येऊन मिळाला. रॉकचे मूळ काळ्यांच्या ब्लूजमध्ये असले तरी न्यू वेव्हच्या बहुतेक बँडांनी ते मूळ धुऊन काढल्यासारखे संगीत केले. टॉकिंग हेड्सचा कल आरंभापासून वेगळा होता. दुसऱ्याच तबकडीत, १९७८ साली, त्यांनी अल ग्रीन या काळ्या गायकाचे गाणे घेतले होते. १९८० साली ते आफ्रिकेकडे वळले.

आफ्रिकेकडे म्हणजे मुख्यतः नायजेरियाच्या फेला कुटीकडे. निर्माता ब्रायन ईनो याने फेलाची १९७३ सालची 'आफ्रोडिझिअॅक' ही तबकडी बर्नला ऐकवली आणि तीच पुढच्या कामाचा नमुना ठरली. हा फेला कोण? १९६९ साली तो आपला बँड घेऊन अमेरिकेत गेला. लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅक पँथरच्या विचारांनी भारलेल्या सँड्रा स्मिथ या काळ्या तरुणीने त्याला माल्कम एक्सचे आत्मचरित्र वाचायला दिले. तो मायदेशी परतला तो वेगळा माणूस होऊनच. त्याचे 'आफ्रोबीट' संगीत त्यानंतर राजकीय झाले. म्हणजे ज्या ठिणगीने आपल्याकडे १९७२ साली पेट घेतला तिचीच धग लागोसच्या त्या तालातही होती. फेलाने 'झाँबी' या गाण्यात हुकमाचे ताबेदार असलेल्या सैनिकांची टर उडवली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी लष्कराने त्याच्या घरावर हल्ला केला, घर जाळले, माणसांना मारझोड केली. त्याची आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी ही स्त्रियांच्या चळवळीची मोठी नेता. तिला खिडकीतून खाली फेकले. १९७८ साली ती वारली. आफ्रोबीटच्या तालाला ही किंमत मोजावी लागली आहे.

आता तबकडीची घडण पाहू. १९८० च्या उन्हाळ्यात हा बँड बहामा बेटांवर नासाऊ येथील कंपास पॉइंट स्टुडिओत गेला. तोवर बर्न गाणे लिहून आणी आणि इतर ते बसवीत. या वेळी कुणीही काही लिहून आणले नाही. चौघे आणि ईनो यांनी एकेका स्वरसंगतीवर ताल धरून वाजवत राहायचे, त्यातले जमलेले तुकडे निवडायचे, ते पुन्हा पुन्हा वाजवून एकावर एक चढवायचे, असे काम चालले. शब्द सर्वांत शेवटी आले. बँड म्हणजे बर्न आणि त्याचे साथीदार हा समज फ्रांट्झ आणि वेमथ यांना मोडायचा होता. अहंकार बाजूला ठेवून परस्पर सहकार्याने काम करायचे, असे बर्ननेही तेव्हा बोलून दाखवले होते.

याचा परिणाम ऐकताना जाणवतो. 'द ग्रेट कर्व्ह' हे गाणे घ्या. त्यात स्वरसंगती जवळजवळ बदलतच नाही. एक गिटार दोन स्वर वाजवून थांबते, त्या थांबलेल्या जागेत दुसरी शिरते, बेस तिसऱ्याच ठिकाणी ठोका देते, तीन गायनगट तीन वेगळ्या ओळी एकमेकांवरून गात जातात. एकेकाचा भाग सुटा करून ऐकला तर त्यात काही नाही; अगदी किरकोळ. सर्व एकत्र आले की थांबवता न येणारी गती निर्माण होते. युरोपीय संगीतात एक मुख्य सूर असतो आणि बाकीचे त्याची चाकरी करतात. येथे मालक सूर नाही. दुसऱ्यासाठी जागा सोडणे हीच येथे प्रत्येकाची कामगिरी आहे. हे तत्त्व आफ्रिकी आहे, आणि ते केवळ संगीताचे तत्त्व नाही. जॉन मिलर चेर्नॉफ या अमेरिकन अभ्यासकाने घानामध्ये ढोलवादन शिकून १९७९ साली ग्रंथ लिहिला आणि तिथला ताल ही माणसांनी एकत्र राहण्याची शिस्त आहे, असे दाखवून दिले. बर्नने हा ग्रंथ वाचला होता. 'रिमेन इन लाइट' ही समतेच्या घडणीची तबकडी आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

घडण समतेची, आशय कुणाचा? 'वन्स इन अ लाइफटाइम' या गाण्यात रेडिओवरच्या प्रवचनकाराच्या थाटात एक आवाज बोलतो. चांगले घर, चांगली गाडी, चांगली बायको असलेला माणूस एके दिवशी भांबावतो आणि आपण येथवर कसे आलो याचा त्याला उलगडा होत नाही. मध्यमवर्गीय जीवनाच्या पोकळपणाचे इतके नेमके दर्शन रॉकमध्ये क्वचितच झाले असेल. परंतु हा प्रश्न विचारायला आधी घर असावे लागते. ज्याला आपण कुठून आलो, कुणी ढकलले, कुणी अडवले हे पावलापावलाला ठाऊक असते, त्या माणसाला 'मी येथे कसा आलो' याचे नवल वाटत नाही. ज्या तालावर हा प्रश्न उभा आहे तो ताल अशा माणसांनी घडवलेला आहे. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो या गाण्यात नाही.

'सीन अँड नॉट सीन' या गद्यासारख्या गाण्यात हे अधिक स्पष्ट होते. चित्रपटांत, मासिकांत दिसणारे आदर्श चेहरे मनात धरून एक माणूस वर्षानुवर्षे इच्छाशक्तीच्या बळावर आपला चेहरा हळूहळू बदलू पाहतो. फ्रांत्झ फॅनन याने १९५२ साली 'काळी कातडी, गोरे मुखवटे' या ग्रंथात जे मांडले त्याची आठवण होते. गाण्यातल्या माणसाच्या चेहऱ्याला मात्र रंग नाही. ज्याच्या रंगाचा उल्लेखच होत नाही असा माणूस पाश्चात्त्य कलेत गोराच असतो, जसा मराठी कादंबरीत ज्याची जात सांगितलेली नसते तो नायक सवर्णच असतो. चेहरा बदलण्याचा छंद असणे वेगळे आणि चेहरा बदलल्यावाचून दारात उभे राहता न येणे वेगळे. ताल आफ्रिकेचा घेऊनही हा भेद बर्नच्या शब्दांना दिसला नाही.

एका गाण्यात तो दिसण्याच्या जवळ येतो. 'लिसनिंग विंड'मध्ये मोजिक नावाचा एक माणूस आहे. त्याच्या देशात अमेरिकन आले आहेत, त्यांची घरे वाढत आहेत. तो बाजारातून साहित्य आणतो आणि स्फोटाची तयारी करतो. गाणे त्याचा निषेध करीत नाही. त्याच्या बाजूने, हळुवारपणे, त्याच्या मनात शिरते. ही तबकडी ८ ऑक्टोबर १९८० रोजी निघाली. तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस तेव्हा अकरा महिने अडकून पडले होते आणि सारी अमेरिका सूडाच्या भाषेत बोलत होती. अशा वेळी हे गाणे लिहायला धैर्य लागते, ते मान्य केले पाहिजे. पण एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. आठ गाण्यांच्या या तबकडीत नाव असलेला माणूस हा एकच. तोही कल्पित, त्याला देश नाही, भाषा नाही. तिसऱ्या जगातला कल्पित माणूस नाव घेऊन आला. खरा माणूस, ज्याच्या हातांनी हा ताल घडवला, तो गाण्यांच्या रचनाकारांत कुठेही नाही.

नावांची गोष्ट येथेच संपत नाही. मुखपृष्ठ पाहा. बँडच्या चौघांचे चेहरे संगणकाच्या साहाय्याने तांबड्या रंगाने पुसून टाकले आहेत. कल्पना वेमथ आणि फ्रांट्झ यांची. चेहरे पुसले, सामूहिकतेची खूण केली, आणि नावे छापायची वेळ आली तेव्हा काय झाले? पाचही नावे वर्णानुक्रमाने येतील असे फ्रांट्झ समजून होता. पहिल्या आवृत्तीवर रचनाकार म्हणून आले ते डेव्हिड बर्न, ब्रायन ईनो आणि मग बँडचे नाव. ताल धरणारी दोघे, म्हणजे ड्रमवाला आणि बेस वाजवणारी बाई, 'बँड' या शब्दात विरघळून गेली. पुढच्या आवृत्त्यांत बहुतेक गाण्यांवर पाच नावे आली. दोन गाण्यांवर मात्र फ्रांट्झ आणि वेमथ यांची नावे शेवटपर्यंत नाहीत.

हा व्यक्तिगत स्वभावाचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. त्यामागे एक व्यवस्था आहे. संगीताच्या धंद्यात गाणे म्हणजे सूर आणि शब्द. त्यांचा जो कर्ता तो मालक. ताल घडवणाऱ्याला व्यवहारात कर्ता मानले जात नाही. तो वादक, मजुरी घेऊन घरी जाणारा. हीच व्यवस्था लागोसमध्येही होती. फेलाच्या बँडमधला टोनी अॅलन हा आफ्रोबीटचा अर्धा जनक. फेला इतर वादकांना त्यांचे भाग सांगे; ड्रमचे भाग अॅलन स्वतः घडवी. त्याच्यावाचून आफ्रोबीट झाले नसते असे खुद्द फेला म्हणत असे. तबकड्यांवर रचनाकार म्हणून नाव फेलाचे. पैशाच्या आणि हक्काच्या या प्रश्नावरूनच अॅलन १९७९ च्या सुमारास फेलापासून दूर झाला. याच फेलाने १९७८ साली आपल्या ताफ्यातल्या सत्तावीस स्त्रियांशी एकाच समारंभात लग्न लावले. त्याचा विद्रोह खरा आहे, म्हणून त्याचे हे वागणे झाकायचे कारण नाही. शोषिताच्या घरातही कुणीतरी अनाम असते.

आपल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. हलगीवाल्याला आपल्याकडे कुणी संगीतकार म्हटले नाही. जत्रा, लग्न, मयत, त्याच्यावाचून गावाचे पान हलले नाही. पण ती जातीने लादलेली चाकरी होती. बाबासाहेबांच्या चळवळीत गावकीची कामे टाकताना अनेकांनी वाजवणेही टाकले, ते योग्यच केले. पुढे तोच ताल शहरातल्या रंगमंचावर 'लोककला' म्हणून आला, टाळ्या घेऊन गेला. कौतुक करणारे म्हणतात, ताल यांच्या रक्तातच असतो. काळ्यांविषयीही हेच म्हटले जाते. हे कौतुक फसवे आहे. रक्तात असलेल्या गोष्टीला शिकावे लागत नाही, विचार करावा लागत नाही. मग तिचे श्रेय तरी कुणाला द्यायचे?

बर्नच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. त्याने आपले ऋण लपवले नाही. पत्रकारांना पाठवलेल्या कागदपत्रांबरोबर त्याने वाचलेल्या पुस्तकांची यादी जोडली. चेर्नॉफचा ग्रंथ तिच्यात होता. फेलाचे नाव मुलाखतींत घेतले. एखादी चाल उचलली असेही नाही. घेतली ती पद्धत, आणि पद्धतीवर कुणाची मालकी नसते. नसावीही. आपणही बाहेरून घेतलेच आहे. परंतु ती यादी गेली पत्रकारांकडे, तबकडी विकत घेणाऱ्या पोरांकडे नाही. याच सुमारास बर्न आणि ईनो यांनी दुसरी एक तबकडी तयार केली, ती १९८१ साली निघाली. तिला त्यांनी आमोस टुटुओला या नायजेरियन लेखकाच्या १९५४ सालच्या कादंबरीचे नाव दिले. ती कादंबरी तेव्हा आपण वाचलेली नव्हती, हे त्यांनीच पुढे सांगितले. अभ्यासकाचे पुस्तक वाचून काढले, ज्याचा अभ्यास झाला त्या समाजातल्या लेखकाचे नुसते शीर्षक घेतले. हा फरक बोलका आहे.

आणखी एक गोष्ट. स्टुडिओत एक माणूस चार थर वाजवू शकतो. रंगमंचावर त्याला दोनच हात असतात. तबकडीतले संगीत लोकांपुढे वाजवायची वेळ आली तेव्हा, ऑगस्ट १९८० मध्ये, बँडला माणसे वाढवावी लागली. बर्नी वॉरेल, बस्टा जोन्स, स्टीव्ह स्केल्स, डोलेट मॅक्डोनाल्ड, तबकडीतही गायलेली नोना हेंड्रिक्स, हे सारे काळे कलावंत आले. यंत्राने जे काम झाकले होते ते रंगमंचाने उघडे केले. हे संगीत जिवंत उभे करायचे तर ती माणसे लागतात.

नाव गळाल्याचा अनुभव काय शिकवतो ते पुढच्याच वर्षी दिसले. वेमथ आणि फ्रांट्झ यांनी त्याच नासाऊच्या स्टुडिओत 'टॉम टॉम क्लब' नावाने स्वतंत्र तबकडी केली. तिच्यातल्या 'जीनियस ऑफ लव्ह' या गाण्यात जेम्स ब्राउन, बॉब मार्ली, बूट्सी कॉलिन्स, स्मोकी रॉबिन्सन, कर्टिस ब्लो अशी काळ्या कलावंतांची नावे एकामागून एक उच्चारली आहेत. ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावे गाण्याच्याच पोटात. रचनाकारांतही स्टीव्हन स्टॅनली या जमैकाच्या ध्वनियंत्रकाचे नाव बरोबरीने आहे. गाणे नाचायचे, हलकेफुलके. समीक्षकांनी त्याला 'रिमेन इन लाइट'च्या जोडीला कधी बसवले नाही. मला मात्र नैतिकदृष्ट्या ते मोठे वाटते. काळ्या तरुणांनी ते गाणे लगेच आपलेसे केले आणि त्याच्या तालावर स्वतःची रॅप गाणी रचली. मोकळेपणाने नाव घेतले तर देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते.

शेवटचा अंक २०१८ सालचा. बेनिनमध्ये जन्मलेली अँजेलिक किजो १९८३ साली आपल्या देशातली हुकूमशाही सोडून पॅरिसला आली. तिथे तिने 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकले. हे तर आफ्रिकी संगीत, असे ती म्हणाली. नाही, हे रॉक आहे, असे तिला ऐकवण्यात आले, ही हकीकत तिने मुलाखतींत सांगितली आहे. पस्तीस वर्षांनी तिने ही आठही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. त्यांत पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांचे शब्द घातले, आणि ड्रम वाजवायला साक्षात टोनी अॅलनला बोलावले. 'लिसनिंग विंड' तिच्या तोंडून ऐकताना कल्पित मोजिकला प्रथमच मातृभूमी मिळाल्यासारखे वाटते. तिने तक्रार केली नाही, घरचा ऐवज हक्काने घरी नेला. परंतु मूळ गाण्याच्या रचनाकाराचा मान आणि मोबदला कायद्याने आधीच्याच नावांकडे राहतो. अॅलन २०२० साली पॅरिसमध्ये वारला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ साली मूळ तबकडीला राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला. ठेवा खरा, पण तो कोणकोणत्या राष्ट्रांचा, हा प्रश्न उरतोच.

मग या तबकडीचे मूल्यमापन कसे करावे? ती टाकाऊ ठरवणे मला मान्य नाही. तिच्या घडणीत माणसांनी एकत्र राहण्याचे जे चित्र आहे ते तिच्या कर्त्यांपेक्षा मोठे आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी ते कान देऊन ऐकावे. पण कलाकृती आणि तिची श्रेयनामावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा सौंदर्यवाद्यांचा दावाही मान्य नाही. समतेचा ताल वाजवायचा आणि नावे छापताना उतरंड लावायची, ही विसंगती कलाकृतीचाच भाग आहे. तिची समीक्षा झाली पाहिजे. घेणे हा गुन्हा नाही. ज्याच्याकडून घेतले त्याला माणूस म्हणून, नावानिशी, आपल्या शेजारी बसवले की नाही, हा खरा निकष आहे.

हा निकष दुसऱ्यांना लावताना आपण स्वतःलाही लावावा. आपल्या कवितांना ज्यांनी ढोलकीवर साथ केली, जलशांतून ज्यांनी बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीवर पोचवला, त्यांच्यापैकी किती वादकांची नावे आपल्या पुस्तकांत आहेत? ज्या आयाबायांच्या ओव्या आपण आत्मकथनांत वापरल्या त्यांची नावे आपण छापली का? इतिहासाने आपल्याला अनाम ठेवले म्हणून आपण लिहू लागलो. आपल्या हातून आणखी कुणी अनाम राहता कामा नये.